राखणदार परतायच्या आत

१

नव्या वर्षाचा पहारा सुटला आणि जहरून लोहाराच्या भट्टीघरात चहाचा पेला फुटला. पाठोपाठ सुनेची किंकाळी.

बूरान तेव्हा माजघरात रांजणांवरची फडकी सोडत होती. छत्तीस तास कोणी उंबरा ओलांडला नव्हता, नदीच्या पाण्याला की हिरव्या पानाला कोणी बोट लावलं नव्हतं. वर्षाच्या तोंडावर सगळे उथ्र, म्हणजे उजेडाचे राखणदार, आपापली जागा सोडून वर थोरल्या जीवाच्या भेटीला जातात. नदीवर कोणी उरत नाही, झाडांवर नाही, दारावर नाही. तेवढ्यात खाली राज्य कोणाचं, ते मंदाई धर्माच्या पोराला अंगावरचं दूध सुटायच्या आत कळतं. रूहाचं, तिच्या सात पोरांचं आणि काळ्या पाण्याखाली वेटोळं घालून बसलेल्या ऊर नावाच्या अजगराचं. म्हणून पाणी आधी भरायचं, अन्न आधी रांधायचं, दारं लावून जागत बसायचं. झोपायचंसुद्धा नाही.

"पेला फुटला तर फुटला, सिमत! तुझ्या माहेरचा नव्हता!" बूरान ओरडली.

सिमत दारात आली. नुसतं बोट मागे.

जहरून भट्टीपुढच्या चटईवर बसला होता. पाठ भिंतीला, तोंड उत्तरेला, जिकडे मरणाऱ्याचं तोंड असावं तिकडेच. अंगावर पांढरी पवित्र वस्त्रं, कमरेला लोकरी पट्टा. डोळे मिटलेले. केस ओले. बूराननं कपाळाला हात लावला आणि हात तिथंच ठेवला. चाळीस वर्षांचा संसार. ताप आहे की नाही हे बघायला जसा ठेवायची, तसाच.

"रडायचं नाही," ती सुनेला म्हणाली. "तुझ्या डोळ्यांचं पाणी त्यांच्या वाटेत पूर होऊन उभं राहील. तोंड दाब."

मग तिनं नजर फिरवली. बूरानला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण घर तिला वाचता येत होतं. ओढ्याकडच्या दाराला आतून अडसर. कोपऱ्यातला मोठा रांजण, जो सणाच्या आदल्या दिवशी तिनं स्वतः काठोकाठ भरला होता, तो तळापर्यंत रिकामा. आणि ऐरणीशेजारची लोखंडी पेटी उघडी.

पेटीत काहीच नव्हतं. गावातला एकुलता स्कंदोला त्या पेटीत होता.

२

पुरोहित बिहराम धावत आला. तो बूरानच्या चुलतबहिणीचा मुलगा. लहानपणी तिच्याच मांडीवर शेंबूड पुसायचा, पण पागोटं बांधल्यापासून ती त्याला सगळ्यांसमोर अहोजाहो करायची.

"मावशी, स्कंदोला कुठंय?"

"आधी माणसाकडे तरी बघा, बाबा."

त्यानं बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. स्कंदोला म्हणजे लोखंडाचा शिक्का, साखळीला बारकी सुरी. शिक्क्यावर सिंह, विंचू, गांधीलमाशी आणि तिघांना वेढा घातलेला नाग. काळोखाच्या प्राण्यांना त्यांच्याच रूपानं बांधून ठेवायचं. कबर बुजवली की चारी बाजूंच्या ओल्या मातीवर तो उठवायचा; मग तिसऱ्या दिवशी जीव सुटेपर्यंत आत कोणाचा शिरकाव नाही. साखळीची एक कडी तुटली म्हणून बिहरामनंच तो जहरूनकडे दिला होता.

"सणाच्या आधी परत द्यायचा होता त्यांनी," बिहराम म्हणाला. "मी निरोपही धाडला. म्हणाले, कडी अजून सैल आहे, काम राहिलंय."

सणाच्या आदल्या दिवशी ती साखळी बूराननं स्वतः पाहिली होती. कडी पक्की बसलेली, घासून लखलखीत. आणि जहरूननं आयुष्यात कधी झालेलं काम राहिलं म्हणून सांगितलं नव्हतं.

"दुसरा शिक्का अमाऱ्याला," बिहराम म्हणाला. "आणायला परवा उजाडेल. या उन्हात देह परवापर्यंत ठेवता येत नाही. आणि मावशी, दुसरंही आहे." त्यानं आवाज खाली आणला. "ही वस्त्रं श्वास असताना चढली की नंतर? नंतर चढवली असतील तर उपयोग नाही. रूहाच्या पहिल्याच चौकीवर त्यांना अडवतील. जीव तोलणाऱ्या अबाथुरच्या तराजूपर्यंत पोचायचेच नाहीत. मला खरं कळल्याशिवाय मी तोंडातून मंत्राचा एक शब्द काढायचा नाही."

"खरं किती वेळात हवंय?"

"ऊन डोक्यावर यायच्या आत."

मागून सिमत पुटपुटली, "खरं काय त्यात? दार आतून बंद, रांजण रिकामा, केस ओले. ओढ्यातून जे आलं त्यानं आधी पाणी प्यायलं, मग मामंजींना."

बाहेर जमलेल्या बायकांनी ते ऐकलं. एकेक करून त्या मागे सरकल्या, आणि बघता बघता अंगण रिकामं झालं.

३

जहरूनचा धाकटा भाऊ मुहत्तम सोनार. चांदीच्या सिगारेटच्या डब्यांवर काळ्या रेषांनी होड्या आणि खजुराची झाडं कोरून बसऱ्याच्या साहेबलोकांना विकायचा. हिवाळ्यात एक टोपीवाली मडम त्याच्या दुकानात बसून स्कंदोल्याची चौकशी करून गेली होती. सगळ्या गावाला ठाऊक.

"वहिनी, माझ्याकडे अशी बघू नकोस."

"कशी बघते, भावजी?"

"चोराकडे बघतात तशी. मी चांदी विकतो. धर्म विकत नाही."

"धर्माला अजून गिऱ्हाईक मिळालं नसेल."

"मिळालं होतं!" मुहत्तम उसळला. "मडमला मी सांगितलं, बाई, तुमच्या देशात लोखंड कमी आहे का? हवं तर माझी बायको घेऊन जा, शिक्का मिळायचा नाही."

"बायकोचं तिला सांगितलं होतंस का?"

मुहत्तमच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच विरलं. भट्टीघरात त्याच्या भावाचा देह होता.

"रात्रभर कुठं होतास?"

"पुढच्या दाराशी, दिव्यापुढं. सिमत समोर. मी डुलकी घेतली की ती चिमटा काढायची. हे बघ दंड. सूड उगवत होती, दुसरं काही नाही."

दंड काळानिळा होता. सिमतच्या दंडावरही तसेच वळ. तिचा नवरा, बूरानचा मुलगा नासिर, बसऱ्याला कामावर होता, म्हणून जोडी या दोघांची पडली. त्या दोघांचं कधी मिनिटभर पटलं नव्हतं. एकमेकांसाठी खोटं बोलायची माया त्यांच्यात नव्हती. बूराननं दोघांनाही सोडून दिलं.

ती पुन्हा जहरूनपाशी गेली. पेटीचं कुलूप फोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. किल्ली जहरूनच्या गळ्यात, नेहमीच्या दोऱ्यात. मग तिची नजर पट्ट्याच्या गाठीवर गेली आणि ती खाली बसली.

"बाबा, इकडे या. ही गाठ बघा."

"बघतो. पट्ट्याची गाठ."

"तुम्ही बांधता तशी आहे का?"

बिहराम वाकला. त्यानं स्वतःच्या कमरेकडे बघितलं, परत जहरूनच्या. "उलटी आहे."

"हे डावखुरे होते. घण डाव्या हातात, घास तेवढा लोकलाजेनं उजव्या. दुसऱ्या कोणी बांधली असती तर सरळ पडली असती. ही यांनी स्वतः बांधलीय. आणि मेलेला माणूस गाठ बांधत नाही."

बिहरामनं सुस्कारा सोडला. एक गोष्ट सुटली. "म्हणजे श्वास होता. पाणीही यांनीच रांजणातलं घेतलं, मरणाआधीची आंघोळ म्हणून."

"ओढा दोन पावलांवर असताना भरलेलं पाणी घेतलं. पहारा कळणारा माणूस होता."

"पण मावशी," बिहराम हळूच म्हणाला, "भिंतीपलीकडे चौघं जागी असताना, मरायला टेकलेला माणूस हाक का मारत नाही?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायची बूरानला पहिल्यांदाच भीती वाटली.

४

शेजारची उम्म जब्बार मुसलमान. पहाऱ्याच्या दिवसांत मंदायांना जनावराला हात लावता येत नाही, म्हणून बूरानच्या गाईची धार ती काढायची. तिनं दुधाचं भांडं खिडकीत ठेवलं. दरवर्षी भांडं भरलेलं असे, आज अर्धं.

"गाय आटली का गं?"

"वासरानं ओढलं, नासिरच्या आई."

"वासरू उन्हाळ्याच्या तोंडालाच मेलं. तूच पुरलंस ना त्याला?"

उम्म जब्बारनं पदर तोंडावर ओढला. "अल्ला तुझ्या घरधन्याला सुखात ठेवो," म्हणाली आणि धावलीच. पळता पळता एकदा मागं वळून पाहिलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. शेजारधर्मानं रडलेले डोळे नव्हते ते. रात्रभर जागलेले होते. तिला जागायचं काय कारण? पहारा मंदायांचा.

बूरानला आठवलं, सणाच्या आदल्या दुपारी हीच बाई फुटकं पातेलं घेऊन भट्टीघरात आली होती. जहरून हळू आवाजात तिच्याशी बराच वेळ बोलत होता. पातेलं अजून खुंटीला होतं, आणि भोक जसंच्या तसं.

राहिला साब्ती. मुहत्तमचा मुलगा, शाळामास्तर. साहेबी विजार घालायचा आणि उथ्रांचं नाव निघालं की ढगांचं शास्त्र सांगायचा. भट्टीघराच्या बोळात चटई टाकून त्यानं पहारा केला होता, असं तो सकाळपासून तीनदा सांगून चुकला होता. न विचारता.

बूराननं त्याची हनुवटी धरली आणि गाल उजेडाकडे वळवला. चटईची वीण अजून गालावर उमटलेली होती.

"मास्तर, पहारा कुशीवर झोपून करतात हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"काकी, बाबांना सांगू नकोस." साब्ती रडकुंडीला आला. "डोळा लागला. पण मग जाग आली. अडसर काढल्याचा आवाज आला."

"सकाळी का बोलला नाहीस?"

"झोपलो होतो हे कबूल करायचं? आणि... मला भीती वाटली. मला, काकी! म्हटलं, खरंच आहेत की काय ते सात जण."

"नीट सांग. आधी काय ऐकलंस? बाहेर पावलं, मग अडसर?"

"नाही. आधी अडसर. बाहेर काहीच नव्हतं, बेडूकसुद्धा गप्प. मग पाण्यात पाय टाकल्याचा आवाज, लांब जाणारा. मी चटईला चिकटून पडलो. बऱ्याच वेळानं तसाच आवाज जवळ आला, पण ओढत ओढत. थांबत थांबत. मग अडसर लागला. मग भांड्यानं पाणी घेतल्याचा आवाज. मी कानात बोटं घातली."

बूराननं त्याची हनुवटी सोडली. बाहेरचं कोणी असतं तर आधी आलं असतं आणि मग गेलं असतं. इथं आधी गेलं होतं आणि मग आलं होतं. जो गेला तो घरातला. जो परतला तोही तोच.

ती भट्टीघरात गेली आणि थंड भट्टीतला कोळसा हातानं उपसू लागली. हात कोपरापर्यंत काळे झाले. तळाशी ओलं कापड लागलं. जहरूनचा रोजचा झगा, गुडघ्यापर्यंत ओढ्याचा चिखल.

राखणदार नसताना जहरून उघड्या काळ्या पाण्यात उतरला होता. हे बिहरामला कळलं तर गाठ उलटी असो की सुलटी, तो तोंड उघडणार नव्हता.

तिनं झगा पुन्हा कोळशाखाली दाबला, हात धुतले, आणि ओढ्याकडचं दार उघडलं.

५

ओढ्यापलीकडे बोरूच्या झोपड्या. तिथं उम्म जब्बारच्या भाच्याचं घर. त्या घरात शारत होती, बूरानची मुलगी. तिनं त्या भाच्याशी लग्न केलं त्या दिवशी ती मंदायांच्यातून गेली. तिची पोरंही कधी मंदाई व्हायची नव्हती. त्या दिवसापासून बूराननं ओढ्याकडचं दार उघडलं नव्हतं. गेल्या वर्षी शारतचं पहिलं मूल तिसऱ्या दिवशी गेलं, तेव्हाही नाही. जहरून तेव्हा जेवला नव्हता आणि बोललाही नव्हता. नुसती भट्टी पेटवून रात्रंदिवस खिळे ठोकत बसला होता. होड्यांना पुरून उरतील एवढे.

पाणी गुडघाभर. आता राखणदार परतले होते, तरी बूरानचे पाय गार पडले. छातीचं दुखणं असलेला म्हातारा इथून जाऊन आला होता, गाळात पाय रुतवत.

झोपडीच्या दारात उम्म जब्बार उभी होती. ती काही न बोलता बाजूला झाली.

शारत पडून होती, शेजारी उरलेल्या अर्ध्या दुधाचं भांडं. उशाशी बारकी सुरी, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला, कापडात गुंडाळलेल्या पोराच्या बेंबीवर, लोखंडाचा शिक्का. पोर झोपलेलं होतं. कडी चकचकत होती.

"अम्मा?" शारत अर्धी उठली. "बाबांनी पाठवलं का तुला? ते म्हणाले होते, उजाडलं की मी स्वतः न्यायला येतो. वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्री जन्मतंय पोर, म्हणाले, एकही राखणदार जागेवर नाही. उम्म जब्बार आत्यानं खिडकीतून कळा सुरू झाल्याचं सांगितलं, तर आले तसेच. मी म्हटलं, बसा, धाप लागलीय. म्हणाले, तुझी आई जागी आहे, हाक मारेल." ती थांबली. "अम्मा, ते का नाही आले?"

बूरानला उमगलं: जहरूनला हाक मारायचीच नव्हती, म्हणून मारली नाही. आंघोळ करून, गाठ बांधून, तोंड मिटून बसला. हाक मारली असती तर ओल्या झग्याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

"रडायचं नाही," बूरान म्हणाली, आणि शारतला कळलं.

शारतनं ओठ दातांखाली धरले. चार वर्षांपूर्वी ती मंदायांच्यातून गेली होती, पण बापाच्या वाटेत पाणी सोडायचं नाही एवढं तिला अजून माहीत होतं. तिनं स्वतःच पोराच्या पोटावरून शिक्का उचलला. "घेऊन जा. त्यांना लागेल."

शिक्का उचलल्याबरोबर पोर जागं झालं आणि मुठी आवळून रडायला लागलं. त्याला ती बंदी नव्हती.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"नाक आमच्याकडचं आहे," बूरान म्हणाली. "दुसरं काही चांगलं दिसत नाही." तिनं शिक्का घेतला, पुन्हा त्या इवल्या बेंबीवर दाबला आणि मनातल्या मनात हिबिल झीवाचं नाव घेतलं, जो काळोखाच्या तळापर्यंत उतरून परत आला. मग साखळी मुठीत धरून निघाली.

६

ऊन डोक्यावर आलं होतं. बिहराम दारातच उभा. त्याची नजर आधी शिक्क्यावर गेली, मग बूरानच्या ओल्या घोट्यांवर, मग ओढ्यापलीकडे.

"कोणाकडे होता?"

"ज्याला लागत होता त्याच्याकडे."

"मावशी, ते पहाऱ्यात बाहेर गेले होते का?"

मुहत्तम, सिमत, साब्ती, सगळे मागे येऊन उभे राहिले होते. बूरानला खोटं बोलता आलं असतं. कोळशाखालचा झगा दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हता. पण मेलेल्याच्या पायाशी खोटं बोलून त्याला तराजूवर पाठवायचं, हे तिला जमेना.

"गेले होते," ती म्हणाली. "पाण्यातून गेले, पाण्यातून आले. पोरीच्या पोरीवर शिक्का ठेवून आले, आणि त्या धापेनं गेले."

सिमतनं तोंडावर हात ठेवला. बिहरामचा चेहरा दगडासारखा झाला.

"मग मी कसं..."

"थांबा, बाबा. मला वाचता येत नाही. तुम्ही वाचता तेव्हा मी फक्त ऐकते. एवढं सांगा, अबाथुर तराजू घेऊन का बसलाय? हौसेनं?"

बिहरामनं नजर पुन्हा तिच्या ओल्या घोट्यांवर नेली.

"तुम्हीच वाचून दाखवलंय. तो वर उजेडात होता. खाली वाकून त्यानं काळ्या पाण्यात बघितलं. त्या पाण्यातून त्याचा मुलगा उभा राहिला, प्ताहिल. मुलानं हे जग रचलं, मग या सगळ्या पसाऱ्याचा दोष आला, आणि बापाला त्या वेशीवर बसवलं, शेवटापर्यंत जीव तोलत बस म्हणून. खरं की खोटं?"

"खरं."

"म्हणजे जो तोलणार आहे, तोही काळ्या पाण्यापायीच बाप झालाय. त्याला कळेल. तुम्ही मधे कशाला तोलता?" तिनं शिक्का त्याच्यापुढे धरला. "छत्तीस तास सगळे राखणदार पाठ फिरवून गेले होते, बाबा. त्यांना कोणी जाब विचारत नाही. त्या ओढ्यावर एकटाच माणूस पहाऱ्यावर होता. त्याला तेवढा विचारता?"

मग मुहत्तमनं पुढे होऊन भावाचे पाय धरले. साब्तीनं, त्या विजारवाल्यानं, डोक्याकडची बाजू उचलली. बिहरामनं शिक्का घेतला, ओढ्याच्या काठावर गेला आणि वाहत्या पाण्यात तीनदा बुडवला. परत आला तेव्हा तो वाचायला लागला होता.

कबरीच्या चारी बाजूंना, ओल्या मातीवर, सिंह, विंचू, गांधीलमाशी आणि त्यांना वेढणारा नाग उमटला.

दुपारी बिहराम मृताच्या नावाची भाकरी मोडायला घरी आला. जेवण झालं. हात धुऊन तो उठला, तेव्हा शिक्का त्याच्या उपरण्याच्या टोकात बांधलेला होता.

"बाबा, जरा दाखवा," बूरान म्हणाली. तिनं साखळी बोटांवर घेतली, उजेडाकडे धरली, ओढून बघितली. "कडी अजून सैलच आहे. राहू द्या माझ्याकडे. काम राहिलंय."

बिहरामनं कडीकडे बघितलं. ती इतकी पक्की होती की तिला लटकून माणूस झोके घेऊ शकला असता.

"आता दुरुस्त कोण करणार, मावशी?"

"बघू. घरात भट्टी आहे."

तो उंबऱ्यात थांबला. ओढ्याकडचं दार उघडं होतं, आणि पलीकडून बारीक, तापट रडणं ऐकू येत होतं.

"सैल आहे खरी," बिहराम म्हणाला. "घाई करू नका."